कारखान्यात पास झालेली तोफ लगेच युनिटला का देत नाहीत?

प्रश्न : मुलगा तोफखान्यात आहे. तो म्हणतो नवं हत्यार आलं तरी कित्येक महिने चाचण्याच चालू असतात. कारखान्यात एकदा पास झालंय ना, मग परत परत तपासायचं कशाला? उगाच कागदी घोडे नाचवतात असं वाटतं. – एक वडील, कराड

उत्तर : काका, तुमचा जीव तुटतो ते समजतं. पण मी 22 वर्षं ईएमईच्या, म्हणजे लष्कराची हत्यारं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेच्या, वर्कशॉपमध्ये काढलीत आणि मला उशिरा आलेल्या हत्यारापेक्षा घाईत आलेल्याची भीती जास्त वाटते.

व्हिएतनाममधल्या अमेरिकन एम-16 रायफलचंच बघा. 1965 नंतर ती धडाधड जवानांना वाटली, आणि हिला साफ करायची फारशी गरज नाही असा समज पसरलेला, त्यामुळे बऱ्याच जणांना क्लीनिंग किटच मिळालं नाही. त्यात काडतुसातली दारू बदललेली आणि चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, क्रोमचा मुलामा नाही, तिथल्या दमट हवेत चेंबर गंजायचं, मग रिकामं काडतूस आतच अडकून बसायचं. समोरून गोळ्या येतायत आणि जवान नळीत पुढून गज घालून ते काडतूस ठोकून बाहेर काढतोय, असं व्हायचं हो! पोरं गेली त्यात. 1967 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने चौकशी केली, मग क्रोमचं चेंबर आलं, किट आलं, 1968 मध्ये तर सफाई शिकवायला चित्रांची पुस्तिकासुद्धा काढली. हे सगळं आधी करता आलं असतं, याचाच मला राग येतो.

आपल्याकडेही कारगिलला 1999 मध्ये इन्सास रायफलची प्लास्टिकची मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या. खाली मैदानात चांगली चालणारी वस्तू वर बर्फात तशीच चालेल असं धरून चालता येत नाही.

म्हणून के-9 वज्रचं मला कौतुक वाटतं. गुजरातमध्ये हजिऱ्याला बनलेली, रणगाड्यासारखी स्वतःच्या इंजिनावर चालणारी ही तोफ मुळात राजस्थानच्या वाळवंटासाठी घेतलेली. लडाखला न्यायची वेळ आली तेव्हा आधी मोजक्याच तोफा वर नेऊन चालवून बघितल्या, आणि 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख, आपले पुण्याचे जनरल मनोज नरवणे यांनी चाचण्या यशस्वी झाल्याचं सांगितलं. तिथे उणे वीसच्या खाली पारा गेला की साधं डिझेल घट्ट व्हायला लागतं, बॅटरीचा दम जातो, ऑइल मधासारखं होतं. गाडी सकाळी स्टार्टच झाली नाही तर तोफ कितीही लांब मारणारी असो, काय उपयोग?

आणि तयार म्हणजे नुसती तोफ नाही हं. आमच्याकडे एकदा कोऱ्या गाड्या आल्या, रंग चकचकीत, पण फिल्टर आणि बेल्टचे स्पेअर मागाहून येणार म्हणे. पहिल्याच महिन्यात एका गाडीचे पार्ट काढून दुसरीला लावायची वेळ आली. स्पेअर, टूल, मॅन्युअल, शिकलेला मेकॅनिक हे सगळं सोबत हवंच.

प्रश्न : मग हे तपासतं कोण? – तेच वाचक

उत्तर : कारखान्याची स्वतःची तपासणी असतेच, शिवाय संरक्षण मंत्रालयाची डीजीक्यूए ही गुणवत्ता बघणारी यंत्रणा आहे. पण वापरताना काय बिघडतं ते तुमच्या मुलासारख्यालाच पहिल्यांदा कळतं. त्याला सांगा, बोल्ट जरी ढिला सापडला तरी तिथल्या तिथे आवळून गप्प बसू नकोस, वरिष्ठांना सांग आणि डिफेक्ट रिपोर्टमध्ये लिहायला लाव, म्हणजे पुढच्या लॉटमध्ये तो सुधारला जाईल.