मुंबईत नळाला येणारं पाणी आधी कुठे आणि कसं स्वच्छ होतं?

तुमच्या मुलीने विचारलंय, "तलावातलं गढूळ पाणी नळाला स्वच्छ कसं येतं?" तिला हे करूनच दाखवा. गढूळ पाण्याच्या भांड्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा आणि तासभर भांडं हलवू नका. मातीचे कण इतके बारीक असतात की ते एरवी तळाला बसतच नाहीत. तुरटीमुळे ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात.

तानसा आणि वैतरणेचं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथेही मोठमोठ्या टाक्यांत हेच घडतं. मग वरचं नितळ पाणी वाळूच्या जाड थरातून गाळतात.

पण नितळ म्हणजे शुद्ध नव्हे, हे तिला नक्की सांगा! डोळ्यांना न दिसणारे जंतू अजून उरलेले असतात. त्यांना मारायला क्लोरीन घालतात. थोडा क्लोरीन मुद्दाम पाण्यात शिल्लक ठेवतात, नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम, कारण पुढे मैलोन्‌मैल पाइपांतही जंतू शिरू शकतात. कधीकधी पाण्याला येणारा तो हलका वास त्याचाच. तुरटीचं भांडं मात्र फक्त बघायला, ते पाणी तिला पिऊ देऊ नका.