ऑगस्ट 2028 मध्ये वीस लाख येणार नाहीत

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 43, खासगी नोकरी, हातात महिना 92 हजार, घरात कमावणारे एकटेच. मुलगी तेरा वर्षांची, ऑफस्पिन टाकते, मुलगा आठचा. 2 नोव्हेंबर 2025 ला भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, त्या रात्रीच घरात ठरलं की 2028 चं ऑलिंपिक क्रिकेट बघायला लॉस एंजेलिसला जायचं. टूरवाल्यांनी चौघांचे 16 लाख सांगितलेत. त्यातले 2 लाख 40 हजार आत्ताच भरायचे आणि ते परत मिळणार नाहीत. प्रश्न एवढाच आहे: "सामने जुलैत आहेत, माझ्या पॉलिसीचे वीस लाख ऑगस्ट 2028 मध्ये येतील. मधल्या काळापुरतं पर्सनल लोन घेऊ की पत्नीचे दागिने गहाण ठेवू?"

दादा, दोन्ही नको. टूरचे पैसेही भरू नका. तुम्ही पाठवलेले पॉलिसीचे कागद मी दोनदा वाचले. ऑगस्ट 2028 मध्ये तुम्हाला वीस लाख मिळणार नाहीत. त्या महिन्यात पॉलिसी तुमच्याकडे सहावा हप्ता मागेल.

2023 मध्ये तुम्ही बँकेत एफडी करायला गेलात आणि ही पॉलिसी घेऊन परत आलात. माहितीपत्रकाच्या समासात बँकेतल्या माणसाने निळ्या पेनाने लिहिलंय, "2 × 5 = 10, 2028 ला डबल", आणि 'डबल'भोवती गोल काढलाय. छापील कागद वेगळंच सांगतो: वर्षाला दोन लाखांचे हप्ते दहा वर्षं, मुदत वीस वर्षं, विमा रक्कम 20 लाख. म्हणजे 2032 पर्यंत वीस लाख भरायचे आणि 2043 मध्ये वीस लाख अधिक बोनस घ्यायचा. बोनसची हमी नाही. तो चांगला धरला तरी परतावा चार-साडेचार टक्क्यांच्या पुढे जात नाही. सोबतच्या तक्त्यातले 4 आणि 8 टक्क्यांचे रकाने ही नुसती गृहीतकं आहेत. एफडी मागणाऱ्या माणसाच्या गळ्यात वीस वर्षांची पॉलिसी मारणं ही फसवणूक आहे. दर महिन्याला अशी तीन-चार पत्रं येतात आणि दर वेळी संताप होतो.

आता मोडली तर? तीन हप्त्यांचे सहा लाख गेलेत. तिसऱ्या वर्षी हमीचं सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या 35 टक्के, म्हणजे 2 लाख 10 हजार. "चौथा हप्ता भरा, मग 50 टक्के मिळतील," असं तुम्हाला सांगतील. आठ लाखांचे निम्मे चार, त्यातून नव्याने भरलेले दोन वजा केले की उरतात दोनच. जुलै 2028 पर्यंत पाच हप्ते भरून मोडलीत तर दहाचे पाच. तुम्ही वीस धरून चालला होता.

पण लगेच मोडू नका. आधी बँकेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, सोबत त्या निळ्या अक्षरांची प्रत जोडा आणि पोच घ्या. प्रस्ताव अर्जात तुमचं वार्षिक उत्पन्न 18 लाख लिहिलंय. हातात वर्षाला अकरा लाख येणाऱ्या माणसाचे अठरा कोणी केले, हेही विचारा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. फ्री-लुकची, म्हणजे पॉलिसी नको असेल तर सुरुवातीलाच परत करण्याची मुदत संपली, हे उत्तर कंपनी नक्की देईल. सहाचे सहा परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण पेनाने लिहिलेला पुरावा फार थोड्यांकडे असतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती पत्रात ओझरत्या आलेल्या 28 लाखांच्या गृहकर्जाची. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पॉलिसीचे वीस लाख कर्जालाच पुरणार नाहीत, मुलांना काय उरणार? साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, तुमच्या वयाला, धूम्रपान नसेल तर, वर्षाला पंचवीस-तीस हजारांत बसावा. तो हातात आल्याशिवाय जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवू नका. चौथ्या हप्त्याच्या ऑगस्टला अजून वेळ आहे, टर्मसाठीची वैद्यकीय तपासणी याच महिन्यात उरका.

आता लॉस एंजेलिस. स्पर्धा 14 ते 30 जुलै. क्रिकेट 12 ते 29 जुलै, तेही शहरात नाही तर पूर्वेला 45-50 किलोमीटरवरच्या पोमोनात. मुलींचे सहाच संघ असतील आणि भारत कोणत्या दिवशी खेळणार हे ठरलेलं नसताना टूरवाला कसला दिवस विकतोय? 2023 ला अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना 15 ऑक्टोबरवरून 14 वर आला आणि विमानाची, हॉटेलची आरक्षणं करून बसलेले अडकले. पॅरिसला 2024 मध्ये हॉटेलांनी आधी चढवलेले दर स्पर्धा जवळ आल्यावर उतरवले. म्हणून खोली घ्यायची तर रद्द करता येणारीच घ्या. आणि अमेरिकेचा व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारा एक रुपयाही कोणाला देऊ नका. सामन्याचं तिकीट दाखवून व्हिसा मिळत नाही.

चौघांचं जाणं तुमच्या पगारात बसत नाही, हे मला जड मनाने सांगावं लागतंय. तुम्ही आणि मुलगी, आठ रात्री, डॉलर 95 धरून सहा लाखांच्या आसपास. पॉलिसीचा हप्ता थांबला की वर्षाला दोन लाख सुटतात, म्हणजे महिना 17 हजार. टर्मचे वजा जाता 14 हजारांचं आरडी दोन वर्षांत साडेतीन लाखांच्या वर जातं. दोन दिवाळ्यांच्या बोनसचे दोन लाख मिळवा. थोडं कमी पडेल, ते मुक्काम दोन रात्रींनी कमी करून भागेल. पॉलिसीतून जे काही परत येईल, त्याला मात्र सहलीसाठी हात लावायचा नाही. तुमची एफडी तीन लाखांची, म्हणजे सहा महिन्यांच्याही खर्चाची नाही. ते पैसे तिथे.

हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जातो ना? टर्मची पॉलिसी आली की बँकेत जाऊन तो आदेश लेखी रद्द करा, आणि पोच मला पाठवा.