कार्ड न्यू यॉर्कचं, नोकरी टेक्सासला

“ताई, मी परत शून्यावर आले का हो?”

फोन उचलला आणि तिचं पहिलं वाक्य हेच. मी न्यू जर्सीत राहते आणि इथल्या मराठी घरांतली मुलं, उशिरा नोकरीत उतरलेल्या बायका यांना करिअरबद्दल सल्ला देते. ईएमटी म्हणजे ॲम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारा कर्मचारी, आणि पॅरामेडिक ही त्याच्या वरची पायरी. एका राज्यातलं ईएमटीचं किंवा पॅरामेडिकचं कार्ड, म्हणजे प्रमाणपत्र, दुसऱ्या राज्यात चालतं का, हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. म्हणून तिची परवानगी घेऊन, ओळख पटेल असं सगळं बदलून, तिची गोष्ट लिहिते आहे.

ती मूळची साताऱ्याकडची, ग्रीन कार्डवर, राहायला न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने ईएमटीचा कोर्स केला आणि एका खासगी ॲम्ब्युलन्स कंपनीत लागली. जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींत चौथ्या मजल्यावरून माणूस खाली आणायचा तर स्टेअर चेअर लागते. त्या खुर्चीची पायाकडची बाजू ही धरायची, उलटं तोंड करून, एकेक पायरी पावलाने चाचपत. उजवा खांदा कायम दुखरा. पण आवाजात अभिमान असा की ऐकत राहावं. साताऱ्याहून आई विचारायची, “आपल्याकडे १०८ वर डॉक्टर असतो, मग तू नेमकं काय करतेस गं?” आईचंही चूक नाही. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ ची सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली ती डॉक्टर गाडीवर ठेवूनच. अमेरिकेत मात्र गाडीवर सहसा डॉक्टर नसतो. रुग्णाच्या छातीवर पहिला हात पडतो तो ईएमटीचा किंवा पॅरामेडिकचा.

आता नवऱ्याची बदली टेक्सासला, डॅलसच्या उत्तरेला झाली होती. निघायला चार महिने होते. नवरा म्हणत होता, “तिकडे गेल्यावर बघू.” गाडीवरच्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं की आता राज्यांचा करार झालाय, कार्ड कुठेही चालतं. दुसऱ्याने सांगितलं, सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. दोघंही चुकत होते.

मी तिला कोर्स संपल्याची तारीख आणि कार्डावरची तारीख वाचून दाखवायला सांगितली. कोर्स संपून अडीच वर्षं झालेली. कार्ड तीन वर्षांचं, म्हणजे सहा महिने शिल्लक. “आणि नॅशनल रजिस्ट्रीची परीक्षा?” “ती नाही दिली. आमच्याकडे राज्याचीच परीक्षा होती.”

गाठ इथेच होती. नॅशनल रजिस्ट्री ही ईएमटी-पॅरामेडिकांची देशपातळीवरची परीक्षा घेणारी, १९७० पासूनची, ओहायोतल्या कोलंबसची संस्था. बहुतेक राज्यं पहिलं प्रमाणपत्र देताना तिचीच परीक्षा धरतात, टेक्सासही. न्यू यॉर्कची राज्याची स्वतःची परीक्षा, त्यामुळे तिथले कितीतरी ईएमटी रजिस्ट्रीच्या वाटेला जातच नाहीत. राज्यात राहायचं तोवर काही अडत नाही. राज्य सोडताना अडतं. उलटंही लोक चुकतात, तेही सांगून टाकते. रजिस्ट्री तुम्हाला प्रमाणित करते, पण काम करायची परवानगी देते ते राज्य. नुसतं रजिस्ट्रीचं कार्ड खिशात ठेवून गाडीवर चढता येत नाही.

सहकारी म्हणत होता तो करारही खरा आहे. टेक्साससह वीसहून जास्त राज्यं त्यात आहेत. पण तेव्हा न्यू यॉर्क त्यात नव्हतं. शिवाय तो मुळात कामासाठी सीमा ओलांडणाऱ्यांच्या सोयीचा आहे: गाडी रुग्ण घेऊन शेजारच्या राज्यात गेली, वादळात मदतीला पथक गेलं, अशा वेळी. बिऱ्हाड हलवून नवीन नोकरी धरायची तर त्या राज्याचंच कार्ड काढावं.

मग मी तिला घाई करायला लावली, आणि एरवी मी कुणाला घाई करायला लावत नाही. कोर्स संपल्यापासून दोन वर्षांच्या आत रजिस्ट्रीची परीक्षा थेट देता येते. ती मुदत गेलेली होती. ज्यांच्याकडे राज्याचं चालू कार्ड आहे त्यांना दुसरी वाट आहे: गेल्या दोन वर्षांतलं उजळणीचं प्रशिक्षण दाखवायचं, कौशल्यं तपासून घ्यायची आणि परीक्षा द्यायची. पण कार्ड चालू हवं. ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणत सहा महिने गेले असते तर ही वाटही बंद झाली असती, आणि दीडशे-दोनशे तासांचा कोर्स खरंच पहिल्यापासून करावा लागला असता. हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “थांबा, वही आणते.”

तिच्या कंपनीतल्या प्रशिक्षणाच्या तासांचे कागद निम्मे हरवलेले होते. ते पुन्हा मिळवण्यात तीन आठवडे गेले. कागद वेळच्या वेळी एका फाइलला लावा, हे मी प्रत्येकाला कळवळून सांगते.

परीक्षेच्या दिवशी दुपारी रडतच फोन आला. “ताई, सत्तर प्रश्नांवरच स्क्रीन बंद पडली. नापास झाले मी.” ही परीक्षा उत्तरं बघून पुढचा प्रश्न काढते. ईएमटीला कमीत कमी ७० आणि जास्तीत जास्त १२० प्रश्न येतात आणि निर्णय पक्का झाला की मशीन थांबतं. लवकर थांबलं म्हणजे नापास असं मुळीच नाही. मी समजावलं, पण त्या रात्री तिला झोप लागली नसणार. दुसऱ्या दिवशी निकाल लागला, ती पास होती.

टेक्सासचा अर्ज, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी हे पुढचं रीतसर झालं. नोकरीचं मात्र सरळ नव्हतं. तिकडच्या बऱ्याच शहरांत ॲम्ब्युलन्स अग्निशमन दलाकडे असते आणि त्यांना आग विझवायचं प्रशिक्षण घेतलेले पॅरामेडिक हवे असतात. मग उरल्या खासगी कंपन्या आणि रुग्णालयांच्या इमर्जन्सीतल्या टेक्निशियनच्या जागा. तिला पहिली संधी आली ती डायलिसिसच्या रुग्णांची ने-आण करण्याची. “ही काय टॅक्सीच की,” ती हिरमुसून म्हणाली.

मला ते पटलं नाही आणि मी तसं बोलले. डायलिसिसहून परतणाऱ्या माणसाचं बीपी घसरलेलं असू शकतं, फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हाताला बीपीचा पट्टा लावायचा नसतो, आणि तोच माणूस आठवड्यातून तीनदा तुमच्या हाताखालून जातो. त्याच्या चेहऱ्यात झालेला फरक सगळ्यात आधी कुणाला दिसेल? तिने नोकरी धरली.

एका गोष्टीसाठी मी तिची मनाची तयारी आधीच करून घेतली होती. टेक्सासमध्ये ईएमटीने काय काय करायचं हे त्या त्या सेवेचा मेडिकल डायरेक्टर, म्हणजे तिथला जबाबदार डॉक्टर, ठरवतो. त्यामुळे कार्ड हातात आल्यावरही पहिले काही आठवडे तिला प्रशिक्षकाच्या नजरेखाली काढावे लागले. “मला येतं हे सगळं,” असं तोंडावर आलं होतं म्हणाली, पण गिळलं. आणि मग एका दुपारी, गाडीत चढवतानाच, तिने एका आजोबांच्या पट्टीतून रक्त झिरपताना पाहिलं आणि दाबून धरलं. प्रशिक्षकाने मागाहून फक्त विचारलं, “आधी कुठे होतीस?” तिने सांगितलं, “क्वीन्स.”

आता पॅरामेडिक व्हायचं तिच्या मनात आहे. २०२४ च्या सरकारी आकड्यांत ईएमटीचा मध्य पगार वर्षाला ४१ हजार डॉलरच्या आसपास आहे आणि पॅरामेडिकचा ५८ हजारांच्या, तेव्हा हिशेब उघड आहे. मी तिला एवढंच सांगितलंय की फी भरण्याआधी कॉलेजला विचार, कोर्सला राष्ट्रीय मान्यता आहे का. २०१३ पासून त्याशिवाय रजिस्ट्रीची पॅरामेडिकची परीक्षा देता येत नाही. दोन कॉलेजांची नावं तिने काढली आहेत. एकाचे वर्ग संध्याकाळी आहेत आणि त्याच वेळी मुलीला शाळेतून आणायचं असतं. रविवारी फोन करणार आहे.