तोंडी सांगणं म्हणजे तक्रार नव्हे

प्रश्न : महापे एमआयडीसीत चाळीस जणांच्या कंपनीत काम करते. सुपरवायझर रात्री-अपरात्री अश्लील मेसेज पाठवायचा. एचआरला दोनदा सांगितलं, तर 'आपसात मिटवून घ्या' म्हणाले. शेवटच्या मेसेजला अडीच महिने झाले. आता काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी कॅलेंडर बघा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात लेखी तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायची. तुमच्या हातात पंधरवडा आहे. उशिराचं कारण पटलं तर अशा तक्रारींची चौकशी करणारी कंपनीतली अंतर्गत समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. एचआरच्या कानावर घातलंत, त्याने ही मुदत थांबत नाही. प्रकरणं अडकतात ती इथेच.

दहा किंवा अधिक माणसं असली की अंतर्गत समिती सक्तीची. नसेल तर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा हवा. समितीचा लेखी आदेश मागा आणि हा बाहेरचा सदस्य आधी तपासा. तो नसेल तर पुढे सगळी चौकशीच कोर्टात कोसळू शकते.

तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या, पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. सातवी प्रत स्वतःसाठी. तिच्यावर तारीख, सही, शिक्क्यासह पोच घ्या. स्क्रीनशॉटमध्ये नुसतं 'सर' असं सेव्ह केलेलं नाव दिसून उपयोग नाही. नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मूळ चॅट पुसू नका, तो फोन एक्स्चेंजमध्येही देऊ नका.

चौकशीला ९० दिवस, अहवालाला पुढचे १०, अंमलबजावणीला ६०. तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. ती तुमच्या हक्काच्या रजेतून कापत नाहीत. बदली मागायचीच तर त्याची मागा, तुमची कशाला? आणि 'मिटवून घ्या' म्हणणारा एचआर कोण? समेट चौकशीआधी, तोही तुम्ही स्वतः मागितलात तरच, आणि पैशांच्या बदल्यात तर नाहीच.

प्रश्न : माझ्याकडे काम करणाऱ्या ताईंना खारघरमधल्या दुसऱ्या घरी त्रास झाला. घरकामाला समिती कुठली?
– एक वाचक, खारघर

उत्तर : जिल्ह्याची स्थानिक समिती. फक्त ठाण्याला हेलपाटा घालू नका. खारघर नवी मुंबईत धरत असले तरी जिल्हा रायगड, म्हणजे अलिबाग. ताईंना लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्यात समितीने मदत करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समिती सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवते. थेट पोलीस ठाण्यातही जाता येतं.

प्रश्न : घोडबंदर रोडला दोघांच्या नावावर फ्लॅट घेतोय. बायकोमुळे मुद्रांक शुल्कात सवलत मिळेल ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. एक टक्क्याची सवलत खरेदीदार फक्त महिला असतील तरच, आणि फक्त राहत्या घराला. करारात तुमचं नाव आलं की ती गेली; ६० लाखांवर ६० हजार. कर्जात सहकर्जदार म्हणून राहायला हरकत नाही. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही जुनी अट २०२३ मध्ये निघाली. एजंट अजून तीच सांगत असेल तर ऐकू नका.