पॅट्रिक हेन्री ‘विधायक’ होते का?

प्रश्न असा आहे: अमेरिकी स्वातंत्र्यलढ्यातले पॅट्रिक हेन्री (१७३६–१७९९) यांचा परिचय मराठीत लिहिताना ‘वकील, कायदेपंडित आणि विधायक’ असं म्हटलं तर चालेल का?

‘विधायक’ नकोच. हिंदीत आमदाराला विधायक म्हणतात; मराठीत तो शब्द विशेषण म्हणून रुळलाय. विधायक काम, विधायक सूचना. ‘हेन्री विधायक होते’ वाचून मराठी माणूस विचारेल, विधायक काय? ‘आमदार’ म्हणाल तर मला तेही खटकतं. आमदार म्हटलं की विधानभवन आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशन डोळ्यांपुढे येतं. हेन्री १७६५मध्ये निवडून गेले ते व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीच्या ‘हाउस ऑफ बर्जेसेस’मध्ये. तिथे मत होतं ते जमीन बाळगणाऱ्या गोऱ्या पुरुषांना. मी सरळ ‘व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिसभेचे सभासद’ लिहीन. लांब आहे, पण चुकीचं चित्र उभं करत नाही.

‘वकील’ मात्र खुशाल लिहा. हेन्रींच्या हयातीत आपल्याकडे वकील म्हणजे परदरबारी धन्याची बाजू मांडणारा. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे आठवा. दुसऱ्याच्या वतीने बोलणं हा त्या शब्दाचा गाभा, आणि हेन्रींची ताकद तीच.

म्हणूनच ‘कायदेपंडित’ गाळा. दुकानदारीत अपयश आल्यावर त्यांनी थोडकाच अभ्यास करून १७६०मध्ये सनद मिळवली. नाव झालं ते १७६३च्या हॅनोव्हरमधल्या खटल्यामुळे. व्हर्जिनियात पाद्रींचा पगार तंबाखूत ठरलेला असे, वर्षाला सोळा हजार पौंड वजनाचा तंबाखू. पीक बुडून भाव चढला, तेव्हा सभेने कायदा केला की तंबाखूच्या दर पौंडामागे दोन पेन्सप्रमाणे रोख रक्कम दिली तरी चालेल. राजाने तो कायदा नामंजूर केला आणि जेम्स मॉरी या पाद्रीने फरकासाठी दावा लावला. न्यायालयाने मॉरींचा हक्क आधीच मान्य केला होता, रक्कम तेवढी ज्यूरीने ठरवायची होती. न्यायासनावर हेन्रींचे वडीलच. मॉरींविरुद्ध बाजू मांडणाऱ्या हेन्रींना कायद्याच्या कलमांत वाव उरला नव्हता. ते ज्यूरीला म्हणाले की, लोकहिताचा कायदा रद्द करणारा राजा प्रजेचा बाप राहत नाही, तो जुलमी ठरतो आणि आज्ञापालनाचा हक्क गमावतो.

ज्यूरीने भरपाई दिली एक पेनी.