पोहण्याच्या तलावाच्या तळाचा रंग कोरड्या नमुन्यावरून ठरवू नका

अहो, फरशीच्या कॅटलॉगमधला रंग विसरा. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं, म्हणून पांढऱ्या तळावरही ते फिकट निळंच दिसतं. खोल बाजूला आणखी गडद. वाळूच्या रंगावर हिरवट झाक येते, राखाडीवर गहिरा निळा. नमुन्याची फरशी पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा. बादलीत खोली कळत नाही, पण कोरडी फरशी पाहण्यापेक्षा बरं.

काळा तळ आरशासारखा दिसतो, मोह मलाही झाला होता. पण घरात लहान मुलं असतील तर नकोच: बुडालेलं माणूस चटकन दिसायला हवं. पायऱ्यांच्या कडा मात्र वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगात घ्या.