मधुमेहामुळे डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं आहे. भीती घालवण्यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या आठवड्यात पहिलं इंजेक्शन आहे, रात्री झोप लागत नाही, घरचे हसतात, आणि भूल देऊन झोपवतात का. झोपवत नाहीत. बधिर करणारे थेंब टाकतात, तेवढ्यावर होतं. पण मी लिहायला बसले ते तुमचं "घरचे हसतात" वाचून.

मी अमळनेरची. 32 वर्षं ब्लाउज शिवले. साखर निघाली तेव्हा वय 44. डाव्या डोळ्याला सुईत दोरा जाईना म्हणून जळगावला दाखवलं, तर पडद्याला सूज. महिन्याला एक अशी पाच इंजेक्शनं सांगितली, मग ओसीटी, म्हणजे पडद्याची सूज दाखवणारा फोटो, काढून पुढचं ठरवू म्हणाले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चारच दिवस झाले होते.

पहिल्या वेळी मोठा भाऊ सोबत आला. आम्ही त्याला नाना म्हणतो. बाहेर बाकावर बसल्यावर मला रडू आलं, तर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काहीच व्हत नही, मुंगी चावनी समज. आईनं सात बाळंतपणं घरात काढली, आणि तू एका सुईला रडते?" शेजारच्या बाकावरचे लोकही हसले. मी पदर तोंडात धरला आणि आत गेले. आत कोणी काही सांगितलं नाही. तोंडावर कापड टाकलं, पापण्यांना चाप लावला. मी मान जराशी हलवली तर "हलू नका म्हटलं ना!" असा आवाज आला. दुखलं फार नाही. पण तो चाप, ते कापड आणि पुढे काय करणार ते माहीत नसणं, याने मी घामाने भिजले. दुसऱ्या वेळीही तेच.

तिसऱ्या वेळी मी एकटीच निघाले. सोबत कशाला, मला रस्ता माहीत आहे, असं घरी सांगितलं. गाडी धरणगावला थांबली आणि मी उतरले. फलाटावर दोन तास बसले, उलट्या गाडीने घरी आले. येताना मेडिकलमधून काळा चष्मा घेतला. घरी डोळ्याला कापूस लावला, सुनेकडून आधीचेच थेंब डोळ्यात टाकून घेतले. ती बिचारी "आई, फार दुखतंय का?" विचारत होती. चौथ्या महिन्यातही मी हेच केलं.

मग श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरात बसली. दरवर्षी कानबाईचे कपडे मी शिवते, नारळावर नथ मीच घालते. त्या दिवशी हात अंदाजाने गेला, नथ गालावर लागली. उजवा डोळा झाकून पाहिलं तर कानबाईचा मुकुट दिसत होता, खालचा लुगड्याचा काठ दिसत होता, आणि मधे चेहऱ्याच्या जागी डाग. मी तिथेच खाली बसले. रात्री सुनेला सगळं सांगितलं.

नंतर इंजेक्शनं घेतली, नजर थोडी परत आली, सगळी नाही. डाव्या डोळ्याने आज मला पेपरातला मथळा वाचता येतो, खालची बातमी नाही. नाना अजून चारचौघांत सांगतो की ताई भित्री, म्हणून डोळा घालवला. मी त्याला तोंडावर सांगितलंय आणि इथेही लिहिते. भीतीमुळे घाम आला, एवढंच. गाडीतून उतरले ती लाजेने. "मला भीती वाटते, माझ्याशी बोलत बोलत करा" असं डॉक्टरांना सांगायला लाज वाटली, कारण त्या बाकावर मला लाजवलं होतं. तो हसला नसता तर मी धरणगावला उतरले नसते.

म्हणून माझं स्पष्ट मत: "काही होत नाही" म्हणणाऱ्या माणसाला सोबत नेऊ नका, मग तो सख्खा भाऊ असो. आणि भीती घालवायच्या मागे लागू नका. माझी अकरा झाली, आता उजव्या डोळ्यातही घेते. आदल्या रात्री अजून पोटात गोळा येतो. तरी जाते.

श्रावणानंतर गेले तेव्हा मी डॉक्टरांना खोटं बोलल्याचं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनीच मला नीट सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन झिरपतात, त्यातून सूज येते. हे झिरपणं वाढवणारं एक प्रथिन डोळ्यातच तयार होतं, आणि औषध त्याला अडवतं. औषधाचा जोर साधारण महिन्याभरात ओसरतो, म्हणून परत परत घ्यावं लागतं. औषध किती, तर एका मिलिलिटरचा विसावा भाग. सुई केसासारखी बारीक, आणि ती बुबुळात जात नाही, बाजूच्या पांढऱ्या भागातून जाते. तुम्हाला वर किंवा बाजूला बघायला सांगतात, त्यामुळे सुई समोर येताना दिसत नाही. दाब जाणवतो, दोन सेकंदात संपतं. या इंजेक्शनासाठी अव्हॅस्टिन नावाचं औषध लिहून दिलं आणि कोणी "ते तर कॅन्सरचं औषध" म्हणालं, तर घाबरू नका. ते आतड्याच्या कॅन्सरसाठीच आलं होतं, पण डोळ्यात त्याचा अगदी छोटा डोस देतात आणि जगभर देतात.

आता मी आत गेल्यागेल्या तीन गोष्टी सांगते. थेंब टाकल्यावर जरा जास्त वेळ थांबा. प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी बोला. झाल्यावर, जंतू मारायला डोळ्यात टाकलेलं आयोडीन चांगलं धुऊन काढा, कारण संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखी जी आग होते ती बहुतेक त्या आयोडीनची असते. एकदा एक सिस्टर माझा हात धरून उभी राहिली, तेव्हापासून तेही मागते. चाप लागला की मी मनात ब्लाउज कापायला घेते. गळा, खांदा, मुंढा, बाही. बाहीपर्यंत कधी पोचलेच नाही, त्याआधी होऊन जातं.

नंतर डोळ्यापुढे काळे बुडबुडे तरंगतील, पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग येईल. दोन्ही आपोआप जातात. पण दोन-चार दिवसांत दुखणं वाढत गेलं, नजर कमी होत गेली, उजेड सहन होईना, तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आत जंतुसंसर्ग हजारात एकालाही होत नाही, पण झाला तर तासांचा हिशोब असतो. अलीकडे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल, डोळा आला असेल, तर आधीच सांगा. साखर आणि बीपी आटोक्यात नसेल तर नुसत्या इंजेक्शनांवर भागणार नाही. मी डॉक्टर नाही, तुम्हाला किती लागतील ते तुमची ओसीटी बघूनच कळेल.

सोबत कोण येणार ते मात्र आजच ठरवा. माझ्याबरोबर आता सून येते. गाडीत ती फार बोलत नाही, पिशवी मांडीवर घेऊन बसते. धरणगाव आलं की माझ्या हातावर हात ठेवते.